पोस्टमनची साडेतीन बोटं

रविराज चिंचोलेचं मानधन ठरलं, हे बोरमळवाडीच्या यात्रा कमिटीतल्या अकराही जणांना माहीत होतं. किती ठरलं, हे मात्र दोघांनाच माहीत असायला हवं होतं: कमिटीचे अध्यक्ष चिमाजीदादा आणि खुद्द रविराज. त्यातल्या रविराजला ते माहीत नव्हतं.

एरवी हा माणूस मोजमापाचा. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. दिवसभर ब्रेकचे पार्ट गेजला लावून बघायचे आणि केसभर फरक निघाला की अख्खा लॉट परत पाठवायचा, हे त्याचं चौदा वर्षांचं काम. सुट्टीच्या दिवशी तो अंगाला सोनेरी रंग फासतो, सोनेरी टोपी घालतो, खांद्याला सोनेरी पिशवी अडकवतो आणि एका स्टुलावर पोस्टमन होऊन उभा राहतो. उजवा हात पुढे, हातात सोनेरी पत्र. हलायचं नाही, बोलायचं नाही, पापणीसुद्धा काटकसरीने पाडायची. ‘यात काय विशेष, आमच्या ऑफिसात निम्मे लोक हेच करतात,’ असं त्याला आजवर किमान चाळीस जणांनी ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला तो विनोद आपणच पहिल्यांदा केला असं वाटलं होतं.

त्याने अकरा कार्यक्रम केले होते. सोसायट्यांचे गणपती, एक दहीहंडी, एका बँकेचा वर्धापनदिन, एका नेत्याच्या नातवाचं बारसं. त्या अकरा कार्यक्रमांची कमाई म्हणजे अकरा शाली आणि अकरा नारळ. पैशांचा विषय काढला की आयोजक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘अहो, आपल्या घरचंच कार्य आहे.’ अकरा घरं झाली, पण रंगाचे पैसे स्वतःच्याच घरातून जात होते. शेवटी त्याची बायको विजयश्री म्हणाली, “मला तुमच्या कलेबद्दल काही म्हणायचं नाही. पण या खेपेला पैसे आले नाहीत, तर पोस्टमन माळ्यावर.”

रविराजने ते कबूल केलं, पण त्याला ते फार लागलं. कंपनीत चौदा वर्षांत त्याच्या तोंडाकडे कुणी धड पाहिलं नव्हतं. लोक येत, गेजकडे बघत आणि जात. स्टुलावर तो उभा राहिला की मात्र माणसं थांबायची, मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. ते त्याला बंद होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून बोरमळवाडीला जाण्याआधी त्याने आरशासमोर तयारी केली. “माझं मानधन पाच हजार. कमी होणार नाही.” आरशातल्या माणसाने ते दर वेळी मान्य केलं. पण खालच्या मजल्यावरचे बबनराव जिन्यात भेटले आणि घोटाळा झाला. बबनराव एका कंपनीच्या परचेसमधून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे भाव पाडले होते. ते म्हणाले, “आकडा आपण आधी बोलायचा नाही. गप्प बसायचं. समोरचा काय बोलतो ते बघायचं.”

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात कमिटी बसली होती. चिमाजीदादांचा पुतण्या जयदीप, ट्रान्सपोर्टचा धंदा करणारा तिशीचा गडी, त्यानेच रविराजचा व्हिडिओ बघून त्याला बोलावलं होतं. चहा झाला. दादा म्हणाले, “हं, बोला मास्तर.”

रविराज बबनरावांच्या सल्ल्याप्रमाणे गप्प बसला.

दादांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचे डोळे चमकले. जमिनी एमआयडीसीत जायच्या आधी दादांनी चाळीस वर्षं चाकणच्या बाजारात बैलांचे सौदे केले होते. आता त्या जमिनींवर गोदामं होती, भाडं बँकेत आपोआप जमा होत होतं, पण समोर बसून गप्प राहणारा असा मुरलेला माणूस त्यांना बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. ते सरकून जवळ आले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तो रविराजच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात टॉवेलखाली घातला.

रविराजला आधी वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. मग टॉवेलखाली त्याची दोन बोटं घट्ट पकडली गेली. दादा त्याच्या डोळ्यांत बघत होते. बोटं सुटली आणि तीन धरली गेली. मग चौथ्यावरून दादांनी नख आडवं ओढलं आणि रविराजला गुदगुल्या झाल्या. तो हसला.

“बास! ठरलं!” दादांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मंडळींनी ‘व्हय, व्हय, ठरलं’ म्हणून माना हलवल्या. कुणीतरी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, कुणीतरी हातात सुपारी ठेवली.

“म्हणजे नक्की किती...” रविराज म्हणाला.

जयदीपने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. “सर, हातात ठरल्यालं तोंडानं इचारायचं नसतंय. दादांचा शब्द हाय. तुमी इचारलं म्हंजे त्यांच्या शब्दावर शक घेतला.”

घरी विजयश्रीने दार उघडल्या उघडल्या विचारलं, “किती ठरले?”

“ठरले,” रविराज म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. पण सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईपुढे असलं उत्तर कितीसं टिकणार? दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. बबनरावांना वर बोलावण्यात आलं. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. “म्हणजे परचेस ऑर्डर नाही? लेखी काहीच नाही? अहो, मी पेन्सिलीसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय घेतल्या नाहीत!” गप्प बसायला कुणी सांगितलं होतं, हे रविराजने काढलं नाही. तो सभ्य माणूस.

मग प्रयोग झाला. रविराज दिवाणावर बसला, बबनरावांनी त्याच्या हातावर नॅपकिन टाकला आणि एकेक बोट धरून ‘असं? का असं?’ विचारायला सुरुवात केली. त्याच वेळी बबनरावांच्या पत्नी मंजुळाबाई त्यांना जेवायला बोलवायला आल्या. नॅपकिनखाली हातात हात घालून बसलेले दोन पुरुष बघून त्या दारातूनच परत गेल्या, आणि बबनरावांना त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं. निष्कर्ष मात्र निघाला. विजयश्रीने वहीत लिहिलं: ‘तीन बोटं पूर्ण. चौथ्यावर आडवं नख. बहुतेक साडेतीन.’

“साडेतीन काय?” तिने विचारलं. ते कुणालाच सांगता आलं नाही.

बुधवारी जयदीपने मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. यात्रेच्या परवानगीसाठी कलाकारांची यादी सरकारी कार्यालयात द्यायची होती, आणि त्यात ‘मानधन’ असा एक रकाना होता. ‘सर, एवढा रकाना तुमीच भरा.’ रविराज त्या रकान्याकडे शिफ्ट संपेपर्यंत बघत राहिला. शेवटी त्याने लिहिलं, ‘ठरल्याप्रमाणे’. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला: ‘आकड्यात लिहा.’ त्याने जयदीपला फोन केला.

“मला कसं ठावं असणार, सर? टावेलाखाली मी व्हतो का?” जयदीप म्हणाला.

“मग दादांना विचार ना.”

“माझी न्हाई टाप.”

रविराजने घाम पुसला आणि रकान्यात ‘साडेतीन’ एवढंच लिहिलं. खोटं नाही आणि खरंही नाही. शुक्रवारी परवानगी आली. शिक्का होता, सही होती आणि नवव्या क्रमांकावर सुवाच्य अक्षरात होतं: ‘जिवंत पुतळा, मानधन रु. ३.५० फक्त.’

त्या ‘फक्त’ने रविराजची झोप उडवली. शनिवारी पहाटे तो उठला आणि कुणालाही न सांगता चाकणच्या बैलबाजारात गेला. रोज कंपनीच्या बसमधून तो बाजाराच्या अंगाने जात असे, पण आत कधी पाय टाकला नव्हता. खिल्लारी जोड्या, शेण, चहाच्या टपऱ्या, आणि जिकडेतिकडे टॉवेलखाली हात घातलेली माणसं. एका वयस्कर दलालाला त्याने चहा पाजला आणि आपलं गाऱ्हाणं मांडलं.

“आडवं नख म्हंजे आर्धं,” दलाल म्हणाला. “साडेतीनच हाय.”

“पण साडेतीन काय? शेकडा की हजार?”

“ते जनावरावर हाय. बैल आसंल तर बोटाला धा हजार. शेळी आसंल तर हजार. कोंबडी आसंल तर शंभर. जनावर कंचं व्हतं?”

रविराज घुटमळला. “मी.”

दलालाने कप खाली ठेवला. त्याला टाचेपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. दात बघतो की काय, अशी रविराजला क्षणभर भीती वाटली. “आता दादांनी तुमाला कशात धरलं, ते आमी कसं सांगावं?” तो म्हणाला. “बोटं धरली तवा तुमी काय केलं?”

“हसलो. गुदगुल्या झाल्या.”

“मग मिटलंच की! सौद्यात हसला म्हंजे कबूल. ह्यापुढं ध्यानात ठेवा. सौद्याला बसलं की हलायचं न्हाई, हसायचं न्हाई, नुसतं दगडावानी बघायचं. समोरचा आपसूक वर चढतोय.”

रविराजला हुंदका यायचा बाकी राहिला. हलायचं नाही, हसायचं नाही, हेच तर तो करत आला होता. फक्त जिथे करायचं तिथे केलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्याने मनाची समजूत घालून पाहिली. बैल तर आपण नाही. इतका गर्व बरा नव्हे. पण कोंबडी? पदवीधर आहोत, मोशीत वन बीएचके आहे, चौदा वर्षांत एकदाही लेट मार्क नाही. कोंबडी धरलं असेल तर तो अपमान होता. शेळी. आपल्याला शेळी धरलेलं असू दे, एवढंच तो देवाकडे मागत होता. घरी पोचला तर जयदीपचा नवा निरोप येऊन पडला होता: ‘सर, आयडिया! आठच्या आत पुतळ्याला हालवून दाखवील त्याला ५०१ बक्षीस. हाललात तर तुमच्यातनं कापू. ओके ना?’ खाली दादांच्या संमतीचा अंगठा होता. नाही म्हणावं, तर कशातून कापणार ते तरी कुठे माहीत होतं! कोंबडी असतो, तर उलट दीडशे रुपये देणं निघत होतं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता देवळाच्या कमानीशेजारी सोनेरी पोस्टमन उभा राहिला. विजयश्री आणि बबनराव ‘आम्ही लांबूनच बघू’ म्हणून आले होते. पाळणे फिरत होते, भेळ-जिलेबीचे गाडे लागले होते, आणि लाऊडस्पीकरवर जयदीप दर पाच मिनिटांनी बक्षीस पुकारत होता. ते ऐकून सगळं गाव रविराजवर तुटून पडलं. एकाने त्याच्यासमोर नाच केला. एकाने कानात ओरडून सांगितलं की तुमची गाडी उचलून नेली. गळ्यात पसाभर सोनं घातलेले एक जमीनदार शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. त्या फोटोत पुतळा कोणता, यावर पोरींमध्ये थोडा वाद झाला. लांबून बघायला आलेले बबनराव जवळ येऊन पुटपुटले, “पेमेंट टर्म्स विचारल्यात का?” रविराज हलला नाही. नाकावर एक माशी बसून निवांत पाय चोळून गेली, तरी हलला नाही. आत मात्र त्याचा एकच जप चालू होता. बैल, शेळी, कोंबडी. बैल, शेळी, कोंबडी.

साडेसातच्या सुमाराला पलीकडच्या गावच्या यात्रा कमिटीचे अण्णासाहेब आले. पुढच्या रविवारी त्यांची यात्रा होती, आणि बोरमळवाडीत जे असेल ते आपल्याकडे हवंच, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“चिमाजी, केवढ्याला घेतला?”

“हातातलं हाय,” दादा म्हणाले. “तुमचं तुमी ठरवा.”

अण्णासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. पत्र धरलेल्या सोनेरी हातावर तो टाकला आणि हात आत घातला. आता रविराजला सगळं कळत होतं. दोन बोटं. तो दगडासारखा बघत राहिला. तीन. चार. गर्दी जमली. “लई कडक माणूस हाय,” कुणीतरी म्हणालं. पाच. रविराजला ओरडून ‘कबूल’ म्हणावंसं वाटत होतं. पण आठ वाजायचे होते, हलला असता तर बक्षिसाचे पैसे कापले जाणार होते, आणि कशातून, हा प्रश्न तसाच उभा होता. अण्णासाहेबांनी पाचही बोटं एकदा दाबून सोडली आणि वर आणखी तीन धरली. सोनेरी कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि हनुवटीपर्यंत आला. पोस्टमन ढिम्म.

“न्हाई परवडत राव,” अण्णासाहेब म्हणाले आणि हात काढू लागले.

बारा कार्यक्रमांत पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून पैसे द्यायला आलं होतं, आणि तो माणूस निघून चालला होता. रविराजच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते लांबून बघणाऱ्या विजयश्रीला दिसलं.

ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. “थांबा. मी यांची मिसेस. यांचे सौदे मी करते,” असं म्हणून तिने आपला हात सरळ टॉवेलखाली घातला.

अण्णासाहेब विंचू चावल्यासारखे दोन पावलं मागे उडाले. “अवो ताई! हे काय! हात काढा!”

“हातातच ठरतं ना इथे?”

“बाईमाणसाचा हात कसा धरावा आमी, चारचौघात? तोंडानं बोला!”

“मग तुम्हीच बोला. यांची किती धरली होती?”

अण्णासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव कान देऊन उभं होतं. “आठ,” ते म्हणाले.

“आठ काय?”

“हजार की! आन् काय?”

विजयश्रीने मान डोलावली, टॉवेल उचलून स्वतःच्या हातावर टाकला आणि चिमाजीदादांकडे वळली. “दादा, त्या रविवारचं तेवढं मलाही धरून दाखवता? यांच्या नीट लक्षात राहिलेलं नाही.”

दादांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सौभाग्यवती सोजराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. दादांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बैलबाजारात चाळीस वर्षं ज्यांच्या तोंडून आकडा निघाला नव्हता, ते दादा सगळ्या यात्रेसमोर खणखणीत बोलले, “साडेतीन हजार! झालं समाधान?”

शेळी! रविराज शेळी होता! त्याच्या छातीवरचं आठवड्याचं ओझं एकदम उतरलं, आणि त्याला काही कळायच्या आत तो हसला. गालावरच्या सोनेरी रंगाला तडे गेले.

“हाललाऽऽ!” गर्दी ओरडली. देवळातल्या घड्याळात आठला पाच कमी होते.

“हसला म्हंजे कबूल!” अण्णासाहेबांनी घाईघाईने त्याच्या कपाळाला भंडारा फासला. “पुढल्या रविवारी, आठ हजार!” आणि लाऊडस्पीकरवर जयदीपचा आवाज घुमला, “पुतळ्याला हालवून दाखवल्याबद्दल पाचशे एक रुपयांचं बक्षीस जातंय पुतळ्याच्याच मिसेसना! टाळ्या!”

मानधनाच्या पाकिटातून पाचशे एक कापून घेऊन बाकीचे दादांनी स्वतः रविराजच्या हातात दिले. कापलेले विजयश्रीला दिले. शाल आणि नारळ होतेच. निघताना दादा तिला हळूच म्हणाले, “बाई, बाजारात आसता तर आमचं काय खरं नव्हतं.”

रिक्षात बबनराव पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला मीटरऐवजी आधी भाव ठरवायचे फायदे समजावून सांगत होते. मागे सोनेरी पोस्टमन आणि त्याची बायको. विजयश्रीने नवी शाल उलगडून दोघांच्या गुडघ्यांवर टाकली.

“या शाली माळ्यावर टाकू,” ती म्हणाली. “कपाटात पोस्टमनचे कपडे राहतील.”

रविराज नुसता मान हलवत राहिला. आठवडाभरात त्याला पहिल्यांदाच कसली काळजी वाटत नव्हती.

आणि मग शालीखाली त्याचा हात कुणीतरी धरला. एकच बोट पकडलं, सोडलं, आणि शेजारच्या बोटावर अलगद एक आडवं नख ओढलं. म्हणजे दीड? आडवं नख म्हणजे अर्धं, हे तर त्यानेच तिला सांगितलं होतं. पण दीड काय, आणि कशातलं, पाकिटातलं की पुढच्या रविवारचं, हे विचारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात नख परत फिरलं, आणि गुदगुल्या होऊन तो हसला.

“कबूल,” विजयश्री म्हणाली आणि रिक्षाच्या बाहेर बघू लागली.